मत हीदेखील साक्षच

अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील हॅमट्रॅम्क हे लहानसे शहर एकेकाळी पोलिश कॅथलिक कामगारांचे होते. पुढे येमेन व बांगलादेशातून आलेली मुस्लिम कुटुंबे तेथे स्थायिक झाली. २००४ साली, बहुसंख्य सदस्य मुस्लिमेतर असताना, तेथील नगर परिषदेने ध्वनिक्षेपकावरील अजानला परवानगी दिली. २०२१ च्या निवडणुकीने संपूर्ण परिषद मुस्लिम सदस्यांची झाली, तेव्हा डाव्या विचारांच्या मंडळींनी समाधान व्यक्त केले. परंतु २०२३ मध्ये याच परिषदेने शहराच्या मालकीच्या जागेवर समलैंगिक चळवळीच्या ध्वजासह विविध गटांचे ध्वज लावण्यास मनाई केली आणि जुने मित्र दुरावले. २०२४ मध्ये महापौर आमेर गालिब यांनी ट्रम्प यांना पाठिंबा दिला.

धर्मनिष्ठ स्थलांतरिताला भेदभावापासून संरक्षण व गरिबांची काळजी डाव्यांकडे दिसते. कुटुंबसंस्थेचा आग्रह उजव्यांकडे. म्हणूनच २००० साली अनेक प्रमुख मुस्लिम संघटनांनी बुश यांचे समर्थन केले. पुढे २००१ नंतरचे कठोर सुरक्षा कायदे व इराक युद्ध पाहून बहुसंख्य मुस्लिम मतदार डेमोक्रॅटिक पक्षाकडे वळले. गाझातील संहाराच्या छायेत २०२४ मध्ये जवळच्याच डिअरबॉर्न शहरात ट्रम्प यांना सुमारे ४२, तर हॅरिस यांना सुमारे ३६ टक्के मते मिळाली. ही मते कोणाचीही जहागीर नाहीत, याची दखल आता दोन्ही पक्षांना घ्यावी लागते.

मग श्रद्धावंताचा निकष कोणता? सूरह अन्-निसाच्या १३५ व्या आयतीत स्वतःच्या व आप्तांच्या विरोधात जात असली तरी खरी साक्ष देण्याचा आदेश आहे. सूरह अल्-माइदाच्या ८ व्या आयतीत कोणाच्या वैरापायी न्याय सोडू नये, अशी ताकीद आहे. मत हीदेखील साक्षच होय.

मक्केत एका परक्या व्यापाऱ्याचे पैसे बुडवले गेले, तेव्हा काही कुरैश घराण्यांनी पीडिताला हक्क मिळवून देण्याची शपथ घेतली. या ‘हिल्फुल फुजूल’ करारात मुहम्मद (स.) प्रेषित्वापूर्वी सहभागी होते, इस्लामच्या काळातही असे निमंत्रण आले तर आपण ते स्वीकारू, असे त्यांनी सांगितले. तो करार एका निश्चित सत्कार्यासाठी होता. मित्राच्या प्रत्येक मताला होकार देण्यासाठी नव्हे.

म्हणून सहकार्य करावे ते सत्कार्यात. मित्रपक्षाच्या अन्यायावर मौन बाळगू नये. आणि ज्या शेजाऱ्यांनी अजानला वाव दिला, त्यांना आपल्या बहुमताच्या काळात न्याय मिळतो की नाही, यावरच आपली साक्ष पारखली जाईल.