रुमैसा : नावाचा अर्थ आणि उच्चार

अपत्याला चांगले नाव देणे हा त्याचा मातापित्यावरील पहिल्या हक्कांपैकी एक आहे. सातव्या दिवशी अकीका करून नाव ठेवण्याची शिकवण हदीसमध्ये आहे. त्याआधी ठेवले तरी हरकत नाही, प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी आपले पुत्र इब्राहीम यांचे नाव जन्माच्या रात्रीच ठेवले होते.

चंद्रपूर-बल्लारपूरपासून वडसा-अहेरीपर्यंत आपल्या वस्त्यांत आजीच्या पिढीत हमीदा, जुलेखा, खैरुन्निसा अशी नावे असत. आता तरुण पिता मोबाइलमध्ये नावांची यादी घेऊन मशिदीत येतो. मध्यंतरी एकाने विचारले, “मौलाना, रुमैसा म्हणजे फुलांचा गुच्छ ना? मुलीचे ठेवू का?”

नाव अवश्य ठेवावे, पण अर्थ तो नव्हे. अरबी कोशांत ‘रमस’ म्हणजे डोळ्याच्या कोपऱ्यात साचणारा पांढरा मळ; रुमैसा हे त्याच धातूपासून झालेले लघुत्वदर्शक रूप आहे. हे ऐकून त्या पित्याचा चेहरा उतरला. मग त्याला ह. रुमैसा (रजि.) कोण होत्या हे सांगितले.

ह. उम्मे सुलैम बिन्ते मिल्हान (रजि.) यांची ही ओळख. त्यांचे मूळ नाव कोणते याविषयी चरित्रकारांत मतभेद आहेत. ह. अनस (रजि.) यांच्या त्या माता. ह. अबू तल्हा यांनी मागणी घातली, तेव्हा त्यांचा इस्लामस्वीकार हाच आपला महर, असे त्यांनी ठरवले. मूल दगावल्यावर त्यांनी दाखवलेला संयम बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत नोंदला आहे. आणि प्रेषितांनी (सल्ल.) स्वर्ग पाहिल्याचे सांगितले, तेव्हा तेथे अबू तल्हांची पत्नी रुमैसा दिसल्याचे सांगितले.

यातून एक नियम कळतो. ज्या नावांचा अर्थ अवज्ञेचा किंवा आत्मस्तुतीचा होता, ती प्रेषितांनी (सल्ल.) बदलली. ‘आसिया’चे ‘जमीला’ केले, ‘बर्रा’चे ‘जुवैरिया’ केले. रुमैसा हे नाव मात्र त्यांच्या मुखी स्वर्गाच्या वृत्तांतात आले. म्हणजे शब्दार्थ साधा असला तरी नावाला धारण करणाऱ्या व्यक्तीमुळे प्रतिष्ठा येते. त्यासाठी फुलांचा खोटा गुच्छ जोडण्याची गरज नाही.

आता उच्चार. आपल्या घरच्या उर्दूत ‘रुमेसा’ असे ऐकू येते. येथे मराठी आपल्या मदतीला येते. मराठी माणूस ‘पैसा’ म्हणताना ‘अ’ आणि ‘इ’ जोडून उच्चारतो. अरबी ‘रुमैसा’तील मधला स्वर नेमका तसाच आहे. ‘पैसा’ मराठी वळणाने म्हणा आणि त्याच स्वरात ‘रुमैसा’ म्हणा. ‘स’ मात्र अरबीत ‘साद’ आहे, जाड आणि भरीव. ‘श’ तर मुळीच नाही.

देवनागरीत सीन, साद आणि से या तिन्ही अक्षरांना एकच ‘स’ आहे. म्हणून वर आलेली ‘आसिया’ (ऐन आणि साद, अर्थ अवज्ञा करणारी) आणि फिरऔनची श्रद्धावान पत्नी ह. आसिया (अलिफ आणि सीन) ही दोन नावे मराठीत अगदी एकसारखी दिसतात. पहिले नाव प्रेषितांनी बदलले, दुसरे गौरवाने घेतले. यास्तव नाव निवडताना त्याचे अरबी लेखन जाणकाराला दाखवून घ्यावे.

शेवटची गोष्ट दाखल्याची. जन्माची नोंद २१ दिवसांत करावी. नाव ठरले नसेल तर ते १२ महिन्यांपर्यंत विनाशुल्क नोंदवता येते. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला लागतो. एका मुलीच्या दाखल्यावर ‘रुमेशा’ आणि आधारवर ‘रुमाइसा’ असे मी पाहिले आहे. तिच्या पित्याची रोजी दुरुस्तीच्या फेऱ्यांत बुडते. तोंडी सांगू नका. देवनागरी व रोमन लिपीत स्वच्छ लिहिलेली चिठ्ठी ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या हाती द्या आणि दाखला घेताना तेथेच अक्षर न् अक्षर वाचून पाहा.

त्या पित्याने नाव रुमैसाच ठेवले. अकीक्याच्या दिवशी त्याने तिच्या आजीकडून ते तीनदा म्हणवून घेतले. अल्लाह आपल्या लेकींना सुंदर नावे देण्याची आणि त्या नावांना शोभेल असे संगोपन करण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.