समुद्रापार निघालेले बिऱ्हाड

एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत बिऱ्हाड हलवायचे झाले, तरी एखादी बरणी फुटते आणि एखादी किल्ली हरवते. मग पुण्यातील एखादे कुटुंब ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहरी कायमचे राहावयास निघाले, तर त्याला केवढी तयारी करावी लागत असेल!

पूर्वी जहाजावरील प्रत्येक गोणी व प्रत्येक पेटी हमाल वेगवेगळी वाहून नेत. त्यात दिवसच्या दिवस जात. वस्तू फुटत, चोरीसही जात. अमेरिकेतील माल्कम मॅक्लीन हा मालमोटारींचा व्यवसाय करी. भरलेली पेटीच मोटारीवरून उचलून जहाजावर ठेवावी, असे त्याने ठरविले. दि. २६ एप्रिल १९५६ रोजी त्याचे ‘आयडियल एक्स’ हे जहाज अशा ५८ पेट्या घेऊन नेवार्कहून ह्यूस्टनला निघाले. तेव्हापासून ही पद्धत जगभर पसरत गेली. या पेटीसच कंटेनर म्हणतात.

लहान कंटेनर २० फूट लांब, ८ फूट रुंद व साडेआठ फूट उंच असतो. जणू पोलादी भिंतींची एक खोलीच! त्याच्या आठही कोपऱ्यांना भोके असलेले भक्कम पोलादी ठोकळे असतात. त्यांना पकडून यारी त्याला अलगद उचलते.

सामान भरण्याचेही शास्त्र आहे. जड वस्तू तळाशी व हलक्या वर ठेवतात. मध्ये पोकळी राहू देत नाहीत. नाहीतर जहाज हेलकावे खाऊ लागताच सामान एकमेकांवर आदळते. दिवसा तापलेला कंटेनर रात्री निवतो, तेव्हा आतील बाष्पाचे पाणी होऊन छतावरून ठिबकते. म्हणून आत ओल शोषून घेणाऱ्या पिशव्या टांगतात. प्रत्येक वस्तूची यादी होते, दार लावून त्यावर क्रमांकाचे सील ठोकतात आणि कंटेनर न्हावा-शेवा येथील बंदराकडे रवाना होतो. हे बंदर १९८९ साली सुरू झाले. तेथून पुढे समुद्रप्रवासास कित्येक आठवडे लागतात.

तथापि सर्वच वस्तू नेता येत नाहीत. ऑस्ट्रेलियात १८५९ साली शिकारीच्या हौसेपायी थोडे ससे मोकळे सोडण्यात आले. त्यांची संख्या इतकी वाढली की, त्यांनी पिके व कुरणे उजाड केली. बाहेरून आलेला जीव केवढा अनर्थ करतो, हे तो देश पुरते जाणतो. म्हणून तेथील अधिकारी सामान बारकाईने तपासतात. लाकडात कीड आढळली, तर मालकाच्या खर्चाने त्यास औषधाची धुरी देतात, अथवा ती वस्तू नष्ट करतात.

यासाठी निघण्यापूर्वी आई पोळपाट-लाटणे घासून, वाळवून कागदात गुंडाळते. मुलगा बुटांच्या तळव्यांतील मैदानाची माती काडीने उकरून काढतो. आजी अंगणातील तुळशीकडे पाहते. माती व रोप तर नेता येणार नाही. मग ती कुंडी उचलून शेजारच्या अंगणात ठेवते आणि शेजारणीला सांगते, “हिला रोज सकाळी पाणी घाल हो!” कंटेनरात अजून जागा शिल्लक असते, तुळस मात्र पुण्यातच राहते.

प्रश्न
१. कंटेनरात ओल शोषणाऱ्या पिशव्या का टांगतात?
२. मुलाने बुटांची माती का काढली?
३. तुमच्या घरातील कोणती वस्तू तुम्ही बरोबर न्याल? का?