खोटा राखणदार

पूर्वी गावात फिरते वैदू येत. त्यांतले काही खरे जाणकार असत, काही भोंदू. भोंदू वैदू दारात बसायचा. धडधाकट माणसाची नाडी धरायचा. तोंड वाकडे करून म्हणायचा, "पोटात मोठा रोग आहे. आठ दिवसांत आटोपणार." घरातली माणसे घाबरायची. मग तो पिशवीतून पुडी काढायचा. पुडीत राख असायची. घरधनी तिचे पैसे मोजायचा.

आता तो वैदू कॉम्प्युटरमध्ये शिरला आहे. या पाठात त्याची गोष्ट सांगतो. गोष्ट आमच्याच घरची आहे. सांगताना थोडी लाज वाटते. पण मास्तराने स्वतःची चूक लपवली तर मुलांनी काय शिकावे?

आमचे गाव सोलापूरपासून जवळच आहे. घरात एक कॉम्प्युटर आहे. नातवाच्या अभ्यासासाठी घेतला. पण आता त्याचा जास्त उपयोग सूनबाईंना होतो. त्या बचत गटाच्या हिशोबनीस आहेत. गटात १२ बायका. दर महिना प्रत्येकीचे २०० रुपये. कोणी किती भरले, कोणी कर्ज उचलले, किती फेडले, सारे त्या कॉम्प्युटरात लिहिलेले. वही होती, पण मागच्या दीड वर्षाचा हिशोब वहीत उतरवलाच नव्हता.

एका दुपारी सूनबाई तालुक्याला बैठकीला गेल्या होत्या. नातू सोलापूरला कॉलेजात. आम्ही एकटेच कॉम्प्युटरपुढे बसून कांद्याचा बाजारभाव बघत होतो. एकाएकी पडदा लाल झाला. भोंगा वाजू लागला. मोठ्या अक्षरांत लिहून आले, "धोका! तुमच्या कॉम्प्युटरात ३८ विषाणू सापडले. सर्व कागद पुसले जातील. लगेच साफ करा." खाली मिनिटे उलटी मोजली जात होती.

आमच्या डोळ्यांपुढे त्या १२ बायका उभ्या राहिल्या.

आधी विषाणू म्हणजे काय ते सांगतो. हा विषाणू अंगात शिरणारा नव्हे. कॉम्प्युटर हुकमावर चालतो. माणसाने लिहिलेल्या हुकमांच्या यादीला प्रोग्राम म्हणतात. कोणी वाईट बुद्धीने लिहिलेली यादी चोरून आत सोडली, की कॉम्प्युटर ती देखील मुकाट्याने पाळतो. ती यादी म्हणजे विषाणू, इंग्रजीत व्हायरस. तो शोधून काढणारा प्रोग्राम म्हणजे अँटिव्हायरस. हा घराचा राखणदार. खरा राखणदार फार उपयोगाचा. पण चोरानेच राखणदाराचा वेष घेतला तर? तेच आमच्या घरी झाले.

आम्ही "साफ करा" या कळीवर बोट दाबले. कॉम्प्युटरने विचारले, "या प्रोग्रामला बदल करू द्यायचे का?" आम्ही "हो" म्हटले. इथेच चुकलो. तोवर चोर दाराबाहेर होता. लाल पडदा म्हणजे नुसते बाहेरून ओरडणे. कडी आम्ही काढली.

मग एक छान निळी चौकट आली. ढालीचे चित्र, हिरवी खूण. तिने अर्ध्या मिनिटात सारा कॉम्प्युटर तपासल्याचे सोंग केले. म्हणाली, "विषाणू काढायचे तर १,८५० रुपये भरा." आम्ही बँकेचे कार्ड आणले. त्यावरचे आकडे भरले. मागचे तीन आकडेही भरले. मोबाइल आतल्या खोलीत होता. त्यावर बँकेचा निरोप आला. आम्ही आमच्या घरी हाक मारली, "अहो, मोबाइलवर सहा आकडे आलेत, तेवढे वाचून सांगा."

आमच्या घरी रात्रीच्या वर्गात वाचायला शिकून दोन वर्षे झाली आहेत. इंग्रजी शब्द वाचता येत नाहीत, पण आकडे चांगले येतात. त्यांनी मोबाइल हातात घेतला आणि दारातच थांबल्या.

"अहो, तुम्ही किती म्हणालात? अठराशे ना?"

"हो, अठराशे पन्नास. लवकर सांगा, वेळ संपतोय."

"इथं तर अठरा हजार पाचशे लिहिलंय. मी न्हाई सांगायची आकडे."

आम्ही उठून पाहिले. १८,५०० च होते. पडद्यावर एक आकडा, बँकेकडे दुसरा. आम्ही मॅट्रिक, तीस वर्षे शाळेत गणित शिकवले, आणि घाईत एका शून्याने मारणार होतो!

मोबाइल तसाच ठेवला. इंटरनेटची डबी बंद केली. कार्डाच्या मागे बँकेचा नंबर छापलेला असतो. त्यावर फोन करून कार्ड बंद करायला सांगितले. कार्डाचे आकडे चोराला कळले होते, म्हणून हे करणे भागच होते. तुमचे पैसे जर खरोखरच गेले, तर १९३० हा नंबर फिरवा. तो सरकारचा आहे. लवकर कळवले, तर पैसे चोराच्या खात्यातच अडवता येण्याची आशा असते. लाज वाटून गप्प बसलेल्याचे पैसे बुडतात.

हा धंदा नवा नाही आणि लहानही नाही. 'इनोव्हेटिव्ह मार्केटिंग' नावाची एक कंपनी युक्रेन देशातल्या कीव्ह शहरातून असेच खोटे राखणदार विकायची. 'विनफिक्सर', 'अँटिव्हायरस २००८' अशी त्यांची भारदस्त नावे होती. २००८ साली अमेरिकेच्या व्यापार आयोगाने तिच्यावर खटला भरला. २०१० साली शिकागोच्या कोर्टात आरोप ठेवले गेले, की ६० हून जास्त देशांतल्या लोकांना मिळून १० कोटी डॉलरहून जास्त रकमेला फसवले. आपल्या देशातही असे लोक आहेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये सीबीआयने देशभर ७६ ठिकाणी झडत्या घेतल्या. मायक्रोसॉफ्ट आणि ॲमेझॉन या कंपन्यांच्या तक्रारीही त्यात होत्या. काही टोळ्या त्या कंपन्यांच्या नावाने पडद्यावर खोटा इशारा दाखवत. सोबत फोन नंबर देत. घाबरलेला माणूस स्वतःच फोन करी. मग "आम्ही दुरून दुरुस्त करतो" म्हणून त्याचा कॉम्प्युटर ताब्यात घेत. म्हणून सांगतो, पडद्यावर आलेल्या नंबरावर फोन करू नका. खरी कंपनी इशाऱ्यात फोन नंबर देत नाही.

संध्याकाळच्या एसटीने नातू आला. चौकट पाहून हसला. म्हणाला, "आजोबा, हा प्रोग्राम अर्ध्या मिनिटात सगळं तपासतो. खऱ्याला तास-तास लागतो." सूनबाई मात्र हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "आधी माझा हिशोब बघ."

नातवाने जे केले ते आम्ही शेजारी बसून लिहून घेतले. तेच इथे देतो. तुमच्या घरी मुलगा किंवा मुलगी करील, तुम्ही शेजारी बसून वाचून दाखवा. आमचा कॉम्प्युटर विंडोज ११ चा आहे. विंडोज १० वर देखील जवळजवळ असेच करायचे. मात्र विंडोज १० ची देखरेख मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवली, हे ध्यानात असू द्या.

प्रथम इंटरनेट तोडायचे. ते आम्ही केलेच होते. चोराचा आणि त्याच्या मालकाचा बोलण्याचा रस्ता त्याने बंद होतो.

मग कॉम्प्युटर 'सेफ मोड'मध्ये सुरू करायचा. जत्रेत गर्दी असली की पाकीटमार सापडत नाही. सगळ्यांना बाहेर काढून चार घरची माणसे ठेवली, तर परका लगेच दिसतो. सेफ मोड म्हणजे तेच. कॉम्प्युटर फक्त अगदी गरजेचे प्रोग्राम उठवतो, बाकीचे झोपलेले राहतात. बहुतेक वेळा चोरही झोपलेला राहतो. त्यासाठी शिफ्टची कळ दाबून धरायची आणि तशीच धरून 'रीस्टार्ट' म्हणायचे. निळा पडदा येतो. त्यात 'ट्रबलशूट', मग 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स', मग 'स्टार्टअप सेटिंग्ज', मग पुन्हा 'रीस्टार्ट'. आकड्यांची यादी आली की ४ दाबायचे. इथे घाई करू नये. आमच्या नातवाला हे दुसऱ्या खेपेस साधले.

सेफ मोडमध्ये पहिले काम त्याने आईचे केले. हिशोबाची फाइल उघडली. दीड वर्षाचा हिशोब जागच्या जागी होता. ३८ विषाणूंपैकी एकानेही त्याला हात लावला नव्हता, कारण ते ३८ नव्हतेच. फाइल त्याने पेनड्राइव्हवर उतरवली. त्यावर कागद आणि फोटो तेवढे घ्यायचे. प्रोग्राम घ्यायचा नाही, नाहीतर चोर पेनड्राइव्हमध्ये बसून दुसऱ्या घरी जातो.

मग 'सेटिंग्ज'मध्ये 'ॲप्स' उघडले. तिथे सगळ्या प्रोग्रामची यादी असते. ती तारखेप्रमाणे लावली. त्या दिवसाच्या तारखेला दोन नावे होती. एक त्या ढालवाल्याचे. दुसरे त्याने गुपचूप सोबत आणलेले. दोन्ही 'अनइन्स्टॉल' केले, म्हणजे उपटून टाकले. ढालवाला गेला. दुसरा जाईना.

न जाणाऱ्यासाठी खरा राखणदार लागतो. तो विंडोजमध्येच आधीपासून असतो. 'विंडोज सिक्युरिटी' असे नाव. पैसे लागत नाहीत. कॉम्प्युटर नेहमीसारखा सुरू करून, थोडा वेळ इंटरनेट जोडून नातवाने या राखणदाराला ताजी माहिती दिली. नवे चोर ओळखायचे तर नवी माहिती लागतेच. मग 'ऑफलाइन स्कॅन' निवडले. कॉम्प्युटर आपोआप बंद होऊन पुन्हा चालू झाला, आणि विंडोज उठण्याच्या आधीच तपासणी झाली. याला सुमारे १५ मिनिटे लागतात. त्यानंतर 'फुल स्कॅन' लावले. ते चालू असताना आमची जेवणे झाली, भांडी घासून झाली, तरी संपले नव्हते. शेवटी उरलेला चोर सापडला. राखणदाराने त्याला काढून टाकले.

इतके करून इंटरनेट सुरू केले, तर एकही पान उघडेना! चोर जाताना वाटेवर काटे टाकून गेला होता. 'सेटिंग्ज'मध्ये 'प्रॉक्सी' म्हणून एक जागा आहे. इंटरनेटचा रस्ता तिथून वळवता येतो. त्याने तो आपल्या दाराकडे वळवून ठेवला होता. ती कळ बंद केली आणि रस्ता मोकळा झाला. ब्राउझरमध्ये 'नोटिफिकेशन'ची एक यादी असते. त्यात एका अनोळखी जागेला आम्हीच कधीतरी परवानगी दिलेली निघाली. ती काढली. मग बँकेचे आणि टपालाचे पासवर्ड बदलले, पण ते नातवाच्या मोबाइलवरून. ज्या घरात चोर होता, त्या घरात नवी किल्ली घडवू नये.

हे सारे करूनही कॉम्प्युटर ऐकत नसेल, तर कागद काढून घेऊन विंडोज नव्याने बसवावे लागते. ते जाणत्याकडून करून घ्यावे. कामाचे पैसे आधी ठरवावेत.

आणि लाल पडदा आला, पण तुम्ही अजून काहीच दाबले नसेल, तर एवढा खटाटोप लागत नाही. पडद्यावरची कोणतीच कळ दाबू नका. फुलीसुद्धा नको, कारण फुलीही खोटी असू शकते. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबा. चालू कामांची यादी येईल. त्यात ब्राउझर निवडून 'एंड टास्क' म्हणा. भोंगा बंद. पुन्हा ब्राउझर उघडताना जुनी पाने उघडू का, असे तो विचारील. नको म्हणा. मोबाइलवर असा इशारा आला, तर ते पान बंद करा आणि त्याने दिलेले ॲप घेऊ नका.

आता कोणी म्हणेल, मग विकतचे अँटिव्हायरस सगळेच खोटे का? तसे नाही. 'क्विक हील'चेच घ्या. सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे कैलास काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करत. पुढे कॉम्प्युटर दुरुस्त करू लागले. येणाऱ्या कॉम्प्युटरांत विषाणू फार सापडत. धाकटे भाऊ संजय कॉम्प्युटर शिकत होते. त्यांनी विषाणू काढणारे प्रोग्राम लिहिले, आणि त्यातून ही कंपनी उभी राहिली. २०१६ साली तिचे शेअर बाजारात आले. पण खऱ्याचे नाव झाले, की खोटा ते नाव चोरतो. आपल्या सोलापुरी चादरीचेच बघा. तिला भौगोलिक मानांकन मिळाले, तरी कुठलीही चादर सोलापुरी म्हणून विकणारे आहेतच. म्हणून अँटिव्हायरस घ्यायचा तर आपण होऊन, माहितीच्या दुकानातून किंवा कंपनीच्या स्वतःच्या जागेवरून घ्यावा. न बोलावता दारात येऊन ओरडतो, त्याच्याकडून नको. सरकारचेही 'सायबर स्वच्छता केंद्र' २०१७ पासून आहे. त्याच्या जागेवर विषाणू काढण्याची साधने फुकट मिळतात.

बँकेने आठ दिवसांनी नवे कार्ड पाठवले. ते आमच्या घरी आपल्या ट्रंकेत ठेवून घेतले आहे. सूनबाई दर महिन्याच्या बैठकीनंतर हिशोब पेनड्राइव्हवर उतरवतात, आणि वहीतही लिहितात. दीड वर्षाचा राहिलेला हिशोब वहीत उतरवायचे काम आमच्याकडे आले. त्याला चार दिवस लागले.