आकडा खरा, पण माप कोणते?

रस्त्याकाठच्या दगडावर नुसता ‘१०’ हा आकडा कोरलेला असेल, तर पुढचे गाव किती दूर समजावे? ते मैल असतील तर अंतर १६ किलोमीटरांहून थोडे अधिक भरेल. आकडा खरा असूनही त्याचे माप ठाऊक नसल्यास वाटसरू फसतो. संगणकावर नकाशा कातरतानाही असेच घडते.

समजा, आपल्यापाशी एका विस्तीर्ण प्रदेशातील विहिरींची यादी आहे आणि तीतून बेळगाव शहराच्या हद्दीतील विहिरी तेवढ्या निवडावयाच्या आहेत. पायथन भाषेतील ‘जिओपांडाज’ या साधनसंचात त्यासाठी ‘क्लिप’ ही आज्ञा आहे. तीत हद्दीची आकृती कात्रीचे काम करते. आतील बिंदू उरतात, बाहेरचे गळून पडतात. आपण आज्ञा दिली, आणि उत्तरात एकही विहीर आली नाही! मग चूक कोठे झाली?

विहिरींची स्थाने रेखांश व अक्षांश यांत, म्हणजे अंशांत दिलेली होती. बेळगावसाठी ते आकडे सुमारे ७४.५ व १५.८५ असे येतात. या पद्धतीचा ईपीएसजी क्रमांक ४३२६ होय. हद्द मात्र ३२६४३ क्रमांकाच्या यूटीएम पद्धतीत, म्हणजे मीटरांत होती. तीत ७५ अंश रेखांशाला ५,००,००० मानून पूर्व-पश्चिम अंतर मोजतात आणि उत्तरेकडील अंतर विषुववृत्तापासून मोजतात. त्यामुळे तेच बेळगाव तेथे सुमारे ४,४६,००० व १७,५२,००० असे लिहिले जाते. ‘क्लिप’ आज्ञा अशा वेळी पद्धती जुळत नसल्याची सूचना देते, परंतु रूपांतर स्वतः करीत नाही.

येथे घाईने एक मोठी चूक होते. ‘सेट सीआरएस’ ही आज्ञा केवळ मापाचे नाव लिहिते. आधीचे नाव असल्यास ती आपणांस अडविते. तरीही हट्टाने विहिरींवर ३२६४३ हा शिक्का मारला, तर ७४.५ अंशांचे ७४.५ मीटर होतात आणि बेळगावच्या विहिरी मालदीवच्या पश्चिमेस, विषुववृत्तालगत, हिंदी महासागरात जाऊन पडतात! दगडावरील ‘मैल’ खोडून ‘किलोमीटर’ लिहिल्याने गाव जवळ येत नाही.

खरे रूपांतर ‘टू सीआरएस’ ही आज्ञा करते. ती प्रत्येक आकडा नव्या पद्धतीत मोजून देते. म्हणून कातरण्यापूर्वी तीन गोष्टी कराव्यात. दोन्ही थरांची पद्धती विचारून पाहावी. एखाद्यावर नावच नसेल, तर माहिती जेथून आली तेथील नोंद पाहूनच ‘सेट सीआरएस’ने ते लिहावे. नंतर ‘टू सीआरएस’ने विहिरी हद्दीच्या पद्धतीत आणून दोहोंच्या सीमांचे आकडे ताडून पाहावेत.

रिकाम्या उत्तरावरून ‘शहरात विहिरीच नाहीत’ असे कोणी लिहून ठेवले आणि त्यावर पाण्याची योजना आखली, तर त्याचे फळ लोकांना भोगावे लागेल. म्हणून आकड्याआधी त्याचे माप विचारण्याची सवय आपण विद्यार्थिदशेतच लावून घेऊ या.