लिंबूटिंबू

वैशाखाचे ऊन कलू लागले, की पैनगंगेच्या काठच्या गावांतून मुलांचे थवे मैदानाकडे धावतात. मेहकर तालुक्यातील अशाच एका गावी माझी एक जुनी विद्यार्थिनी उन्हाळ्याच्या सुटीत रोज वही घेऊन मैदानाच्या कडेला बसत असे. ती समाजकार्याचे शिक्षण घेत होती. अपंग मुले इतरांबरोबर कितपत खेळतात, याची पाहणी तिने अंगावर घेतली होती. कोण खेळला, किती वेळ खेळला, कोण नुसताच पाहत राहिला, असे रकाने तिने आखले होते.

त्या मुलांत नऊ वर्षांचा एक अंध मुलगा होता. त्याला कोणी वगळले नव्हते; उलट, तो सर्वांचा लाडका लिंबूटिंबू होता. लिंबूटिंबू म्हणजे काय, हे तुम्हांस सांगावयास नको. त्याने खेळावे, पण त्याच्यावर राज्य येऊ नये. त्याच्या धावा कोणी मोजू नयेत आणि तो बादही होऊ नये! पहिला आठवडाभर तिने त्याच्या नावापुढे 'खेळला' असेच लिहिले. एके दिवशी तिने सहज विचारले, "रोज खेळतोस, मग असा उदास का रे?"

तो म्हणाला, "मले तं कोणी आउटच करत नाही, ताई."

तिने तो रकाना खोडून त्याचे दोन केले : 'खेळात घेतला' आणि 'खेळला'.

ही हकीकत ऐकून माझी मान खाली गेली. कवायतीच्या तासाला मीही अशा मुलांना सावलीत बसवून इतरांच्या चपला राखावयास सांगत असे, आणि ती मला दया वाटे. २०१६ च्या कायद्याने शाळांना बजावले आहे, की अपंग मुलांना खेळाची व करमणुकीची संधी इतरांच्या बरोबरीने मिळाली पाहिजे. 'बरोबरीने' हा शब्द माझ्या ध्यानी फार उशिरा आला.

पण अंध मुलाला बरोबरीने खेळवावयाचे कसे? शोध घेता घेता तिला मेलबर्नची हकीकत सापडली. ऑस्ट्रेलियातील त्या शहरी १९२२ साली दोन अंध कामगारांनी पत्र्याच्या डब्यात खडे भरले आणि त्याचाच चेंडू करून ते क्रिकेट खेळू लागले. डोळ्यांचे काम कानांवर सोपविले, एवढीच ती युक्ती! आज अंधांच्या क्रिकेटमधील चेंडूत छर्रे असतात. गोलंदाज 'रेडी?' असे विचारतो, होकार मिळाल्यावर 'प्ले' म्हणतो आणि हात खालून फिरवून चेंडू टाकतो. पूर्ण अंध फलंदाजाच्या धावा दुप्पट धरतात. परंतु त्रिफळा उडाला, तर तो बाद म्हणजे बादच. या खेळाची पहिली विश्वचषक स्पर्धा १९९८ साली दिल्लीत झाली.

गावात असा चेंडू कोठून मिळणार? मुलांनी प्लॅस्टिकच्या चेंडूला चीर पाडून आत चिंचोके भरले व चीर चिकटपट्टीने बंद केली. यष्ट्यांच्या जागी तेलाचा रिकामा डबा आला. तरी दोन दिवस भांडणातच गेले. चेंडू ऐकू यावा म्हणून सर्वांनी गप्प राहावे, हे मुलांना काही केल्या साधेना.

तिसऱ्या दिवशी तो उभा राहिला. चेंडू खुळखुळत आला, त्याने दांडा फिरविला आणि पाठीमागे डबा खणकन् वाजला. क्षणभर कोणी बोलेना. मग एक चिमुरडा ओरडला, "आउट!"

"रेडी म्हटलंच नाही त्यानं!" तो उसळून म्हणाला. दांडा काही केल्या सोडीना.

त्या सायंकाळची तिची नोंद अशी आहे : 'खेळला. धावा शून्य. पाच मिनिटे भांडला.'