अंडाशय पोटात, मग गाठ स्तनात का?

प्रश्न : आमची लॅब्रॉडोर पाच महिन्यांची आहे. पहिल्या माजाआधीच तिचं ऑपरेशन करून घेतलं तर पुढे स्तनांत गाठी होण्याची भीती कमी, असं डॉक्टर म्हणतात. काढायचं अंडाशय आणि फायदा स्तनांना, हे कसं काय?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : दोन्हींना जोडतं ते रक्त. अंडाशयातून निघणारी इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरकं अंगभर फिरतात, पण त्यांना ओळखणारे ग्राही-रेणू ज्या पेशींत असतात, त्याच त्यांचं ऐकतात. स्तनग्रंथींच्या पेशी त्यांपैकीच. संप्रेरक ग्राहीला चिकटलं की या पेशींची वाढ आणि विभाजन सुरू होतं. दर विभाजनात डीएनएची नक्कल होते आणि नकलेत चूक राहू शकते. एखादी पेशी आधीच बिघडलेली असेल, तर तीही याच हुकमाने वाढते.

याचा पुरावा १९३२ मध्ये पॅरिसला मिळाला. उंदरांच्या एका वाणात माद्यांना स्तनांचा कॅन्सर सर्रास होई, नरांना नाही. अंतोआन लाकासान्य यांनी त्यातल्या नरांना इस्ट्रोजेन टोचलं, आणि नरांनाही तो झाला.

कुत्र्यांची गोष्ट त्याहून अवघड. माज ओसरल्यावर गर्भ राहो वा न राहो, प्रोजेस्टेरॉन सुमारे दोन महिने चढलेलंच राहतं. त्याच्या प्रभावाने स्तनग्रंथी स्वतःच वाढीचं हॉर्मोन बनवू लागते, आणि दर माजाला हे पुन्हा घडतं.

१९६९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी हिशेब मांडला. ऑपरेशन न झालेल्या मादीचा धोका १०० धरला, तर पहिल्या माजाआधी ऑपरेशन झालेलीचा ०.५, एका माजानंतर ८, दोन किंवा अधिक माजांनंतर २६. पुढच्या अभ्यासकांना हे आकडे तितके भक्कम वाटले नाहीत, तरी डॉक्टरांच्या सल्ल्यामागे आजही हाच हिशेब असतो.

मात्र लॅब्रॉडोरसारख्या मोठ्या जातींत फार लवकर ऑपरेशन केल्यास सांध्यांचे विकार वाढू शकतात. तेव्हा नेमकं वय डॉक्टरांशी बोलून ठरवा. माज लांबवणारी प्रोजेस्टेरॉनसारखी इंजेक्शनं टाळा, त्यांनी गाठींचा धोका वाढतो. आणि ऑपरेशन झालं तरी महिन्यातून एकदा सगळे सड चाचपून पाहा, विशेषतः मागच्या दोन जोड्या. गाठी तिथेच जास्त होतात.