घरच्या वेल्डिंगला परवडणारा गॅस कोणता?

प्रश्न : धायरीला आमच्या बैठ्या घरामागे पत्र्याची शेड आहे. तिथे आर्क वेल्डिंगवर स्टँड, ग्रिल अशी किरकोळ कामे हौसेने करतो. आता मिग मशीन घ्यायचे मनात आहे, पण आर्गनच्या बाटल्याचे डिपॉझिट आणि भाडे ऐकून पाय मागे घेतला. घरगुती कामाला परवडेल असा गॅस मिळेल का? स्वयंपाकाचा गॅस चालतो असेही कोणी म्हणाले. ते खरे का?

— एक वाचक, धायरी, पुणे

उत्तर : स्वयंपाकाच्या गॅसचे आधी सांगतो, कारण तिथे जिवाशी गाठ आहे. मिगमध्ये गॅसचे काम जळण्याचे नसते, वितळलेल्या धातूला हवा लागू न देण्याचे असते. तिथे ज्वालाग्राही गॅस सोडणे म्हणजे हाताने आग लावणे. ऑक्सिजनसोबत एलपीजी वापरून लोखंड कापतात, ते काम वेगळे. त्यालाही घरगुती 14.2 किलोची टाकी वापरणे 2000 सालच्या एलपीजी नियंत्रण आदेशानुसार गुन्हा आहे.

आता मुख्य मुद्दा. साध्या लोखंडाला आर्गन लागतोच असे नाही. भोसरी, नऱ्हे, धायरीतल्या फॅब्रिकेशनवाल्यांकडे जे ‘सीओटू वेल्डिंग’ चालते, तेच तुमच्या कामाचे. आर्कच्या उष्णतेत कार्बन डायऑक्साइडचे विघटन होऊन थोडा ऑक्सिजन सुटतो. तांब्याचा मुलामा असलेल्या नेहमीच्या मिग तारेत मँगनीज आणि सिलिकॉन मुद्दाम घातलेले असतात. ते हा ऑक्सिजन ओढून घेतात आणि टाक्यावर काचेसारखे तपकिरी ठिपके उरतात. ब्रशने घासले की निघतात. शिंतोडे आर्गनच्या मिश्रणापेक्षा जास्त उडतात आणि पातळ पत्र्याला भोक पडायची धास्ती राहते, पण चौकोनी पाइप आणि अँगलच्या कामाला जोड पक्का बसतो. स्टेनलेस किंवा ॲल्युमिनियमचे काम वर्षातून एखादे निघत असेल, तर ते आर्गन वेल्डिंगवाल्याकडून करून घेणे स्वस्त पडते.

दोन्ही गॅसच्या किमतीत फरक का? आर्गन हवेत एक टक्क्याहूनही कमी असतो. हवा अतिथंड करून, तिचा द्रव बनवून तो वेगळा काढावा लागतो. कार्बन डायऑक्साइड खत कारखाने आणि आसवन्यांमधून जोडउत्पादन म्हणून निघतो. शिवाय तो बाटल्यात द्रवरूपाने राहतो, त्यामुळे तेवढ्याच जागेत कितीतरी जास्त मावतो. दहा लिटर पाणी मावेल अशा बाटल्यात 150 बार दाबाने साधारण 1500 लिटर आर्गन बसतो. मिनिटाला 10 लिटरने सोडला तर अडीच तासांत संपला. तेवढ्याच आकाराच्या बाटल्यात साडेसहा किलो सीओटू बसतो. त्याचा सुमारे 3500 लिटर गॅस होतो आणि पावणेसहा तास पुरतो. हे तास आर्क पेटलेल्या वेळेचे आहेत. मापे घेणे, कापणे, क्लॅम्प लावणे यातच रविवार जातो, तेव्हा हौशी माणसाला असा बाटला कित्येक महिने पुरतो.

म्हणूनच भाड्याचा बाटला तुम्हाला महाग पडतो. वापरा न वापरा, भाडे चालूच राहते. रोज काम असणाऱ्या वर्कशॉपला ते परवडते. तुम्ही छोटा सीओटूचा बाटला विकतच घ्या आणि लागेल तेव्हा भरून आणा. तो अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या आणि पावती जपून ठेवा, कारण भरताना मालकीचा पुरावा मागतात. जुन्या बाजारातून पाने, पकडी खुशाल आणा, बाटला मात्र आणू नका. असे बाटले सिलिंडर नियम, 2016 खाली येतात आणि त्यांचे नियंत्रण नागपूरला मुख्यालय असलेल्या ‘पेसो’कडे आहे. बाटल्याच्या खांद्यावरचे ठोक्याचे अंक वाचा: रिकामे वजन, चाचणीचा दाब आणि शेवटच्या चाचणीची तारीख. दर पाच वर्षांनी पाण्याच्या दाबाची चाचणी व्हावी लागते. मुदत उलटलेला बाटला स्वस्तात मिळाला तरी चाचणीचा खर्च तुमच्याच माथी. त्यात नापास झाला तर सगळेच पैसे बुडाले. अग्निशामक नळकांड्यावर रेग्युलेटर बसवण्याची क्लृप्तीही टाळा. त्याच्या आत तळापर्यंत नळी असते आणि गॅसऐवजी द्रव बाहेर येतो.

सीओटूच्या दाबाच्या काट्यावर विसंबू नका. आत द्रव आहे तोवर काटा फक्त तापमान सांगतो. डिसेंबरच्या गारठ्यात सकाळी तो 45 बारच्या आसपास असेल, दुपारी त्याच बाटल्यावर 60 च्या पुढे जाईल. काटा खरोखर उतरू लागतो तेव्हा गॅस संपत आलेला असतो. शिल्लक पाहायची तर बाटला वजनकाट्यावर ठेवा आणि खांद्यावरचे रिकामे वजन वजा करा.

खरी बचत गळती थांबवण्यात आहे. प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी लावा. बुडबुडे दिसले तर जोड घट्ट करा. काम संपले की बाटल्याचा व्हॉल्व्ह बंद करा, नुसता रेग्युलेटर नव्हे. मिनिटाला 8 ते 10 लिटर प्रवाह पुरतो. वाढवला तर गॅस भोवऱ्यासारखा फिरून हवा आत ओढतो आणि टाक्यात छिद्रे पडतात. शेडमध्ये वारा येत असेल तर वाऱ्याच्या बाजूला पत्रा उभा करा. पण शेड गच्च बंद करू नका. हा वायू हवेपेक्षा दीडपट जड असतो, तळाशी साचतो आणि श्वास कोंडतो. बाटला उभा ठेवून साखळीने भिंतीला बांधा.

तुमचे काम बहुतेक उघड्यावर होत असेल, तर आधी फ्लक्स भरलेली तार वापरून पाहा. तिला गॅस लागतच नाही. मशीन घेताना त्यात ध्रुव बदलायची सोय आहे का, तेवढे विचारून घ्या. त्या तारेवर हात बसला आणि आतल्या कामासाठी स्वच्छ टाका हवासा वाटला, की मग बाटल्यात पैसे घाला.